तारेच्या आतलं गवत

मोहोळजवळच्या आमच्या माळावर कंपनीनं सोलरच्या प्लेटा मांडल्या आणि चारी बाजूंनी तार ओढली. पिढ्यान्‌पिढ्या आमची मेंढरं चरली ती त्याच माळावर. वर्षभर त्यांचा वॉचमन आम्हाला काठी घेऊन हुसकायचा. आणि एक दिवस त्यांचा सुपरवायझर आपणहून दारात! म्हणाला, प्लेटांखाली गवत माजलंय, मेंढरं आत सोडा, चारा फुकट. शेळ्या तेवढ्या नकोत, त्या प्लेटांवर चढतात.

माझ्या मनात पाल चुकचुकली. काल हाकलणारा आज चहा पीत गोड बोलतोय, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच. औषध मारलं असेल गवतावर, आणि त्याचा परिणाम बघायचा असेल आमच्या जनावरांवर. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. चाळीस मेंढरं, तेवढाच आमचा संसार. आमचे मालक म्हणाले, बाहेर काडी राहिली नाही, आत नाही सोडली तर निम्मी विकावी लागतील. मी म्हटलं, आधी मी पारख करते.

दुसऱ्या दिवशी मालक ऊसतोडीला गेले आणि मी एक धट्टीकट्टी मेंढी आत सोडली. दिवसभर तारेबाहेर बसून राहिले. गुडघाभर गवत, पण बया तारेला तोंड लावून नुसती ओरडत होती. संध्याकाळी मालकांना ठणकावून सांगितलं, गवताला तोंड लावलं नाही, मुक्या जिवाला बरोबर कळतं. एकच नेली होती, हे सांगावंसं मला वाटलं नाही. त्यांनी सुपरवायझरला नाही म्हणून कळवलं. पंधरा दिवसांत निम्मी मेंढरं बाजारात गेली.

मग केम गावाकडचा एक कळप तारेच्या आत आला. आज मरतील, उद्या मरतील म्हणून मी रोज डोकावायची. मेंढरं टुमटुमीत झाली. मी चिडून हे घरात बोलले, तेव्हा बाजेवर बसलेल्या सासऱ्यांनी विचारलं, तू किती नेली होतीस?

"एक."

"एकटं मेंढरू कवा चरतंय व्हय? कळपाबिगर ते तोंड खाली घालत न्हाय. तुला म्हायीत न्हाय?"

माहीत होतं की. मेंढरांतच वाढलेय मी. पण त्या दिवशी मला फक्त विषच दिसत होतं.

मालक दारात उभे होते. हळूच म्हणाले, "एकच नेली हुतीस?"

मी मान डोलावली. ते वळून उरलेल्या मेंढरांकडे गेले, आणि शरमेनं मला त्यांच्या मागं जाववेना.