हरकतीचे चार महिने

कुठलंही नवं नाव ऐकलं की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "थांब गो. आधी कुणाचं हाय का बघूया."

बाई पूर्वी रोह्यात शाळेत कॉम्प्युटर शिकवत. नंतर रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावाहून रोज पेणला आमच्या छोट्या ऑफिसात येऊ लागल्या. गणपतीच्या कारखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करत होतो. कुठली मूर्ती कुणाची, रंग झाला का, कधी न्यायची, सगळं त्यात. नाव मी ठरवलं होतं, 'मूर्तिका'. बोर्डही रंगवून झाला होता.

बाईंनी ते ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर टाकलं, मग वेगळ्या स्पेलिंगने, मग नुसत्या उच्चारावरून. लांबच्या शहरातल्या एका कंपनीने सॉफ्टवेअरसाठीच 'मृत्तिका' नोंदवलं होतं. मी म्हटलं, अर्थ वेगळा, अक्षरं वेगळी, आणि पेणमध्ये आपल्याला कोण विचारतंय? बाई दोन्ही नावं पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणत राहिल्या.

"कानाला सारखंच लागतंय." त्यांनी मला बोर्ड उतरवायला सांगितलं.

चहाच्या वेळी कारण कळलं. शाळांसाठी केलेल्या पहिल्या सॉफ्टवेअरला त्यांनी मुलीचं नाव दिलं होतं. ते आधीच कुणीतरी नोंदवलेलं निघालं, वकिलाची नोटीस आली, बाईंना ते सगळीकडून पुसावं लागलं. मुलगी तेव्हा दुसरीत. तिने विचारलं होतं, "आई, माझं नाव चुकीचं हाय का?"

मी बोर्ड उतरवला. नवं नाव बाईंनीच सुचवलं, 'आखणी'. मूर्तीचे डोळे रेखण्याला आमच्याकडे हाच शब्द. शोधलं, आड येणारं काही सापडलं नाही, अर्ज केला. बऱ्याच काळाने ते ट्रेडमार्कच्या जर्नलमध्ये छापून आलं. आता चार महिने कुणीही हरकत घेऊ शकत होतं.

नेमकं तेव्हाच बाईंचं दुखणं निघालं. येणं थांबलं, फोन थांबले नाहीत. तब्येतीचं विचारलं तर म्हणायच्या, "माझं राहू दे. हरकत आली काय?" पुढेपुढे फोन वाजला की मी तो उचलायला कचरायचे. भीती नावाची की बाईंच्या तब्येतीची, तेही कळेनासं झालं.

मुदत संपली तशी मी रोह्याला उतरून पूल ओलांडून अष्टमीला गेले. बाई फार सुकल्या होत्या. कुणी हरकत घेतली नाही, असं सांगितलं. त्यांनी मला साइट पुन्हा उघडायला लावली. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी सावकाश वाचलं.

"मग ठीक," म्हणाल्या, आणि कुशीवर वळून झोपल्या.

नोंदणीचं प्रमाणपत्र पावसाळ्यानंतर आलं. त्याची प्रिंट बाईंना दाखवायला पिशवीत घालून मी रोह्याच्या एसटीत बसले. वाटेत नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा भान आलं, बाईंना जाऊन महिना होत आला होता. मी उतरले, आणि समोरच्या बाजूला पेणच्या गाडीची वाट बघत उभी राहिले.