म्हादूच्या कैदेचा कागद

पासलीच्या वर, डोंगराच्या खांद्यावर धनगरांची सहा घरं आहेत. सारजाबाई तिथं लग्न होऊन आल्या त्याला पन्नास वर्षं झाली. म्हशी राखल्या, पोरं वाढवली, नवऱ्याला माती दिली, सगळं त्याच उतारावर. गेल्या हिवाळ्यात वनहक्काचा दावा करावा लागला. तीन पिढ्या, पंचाहत्तर वर्षं इथंच राहतो याचा पुरावा हवा; नाहीतर घरं अतिक्रमण ठरणार.

भैरवनाथाच्या देवळात ग्रामसभा बसली. नव्वदीला टेकलेले गेनबा उठले, सारजाबाईंकडे हात केला. "हिच्या धन्याचा आजा म्हादू. म्या पोर असताना त्याच्या हातचं ताक प्यालोय."

"आबा, ताकाची पावती हाय का?" वनहक्क समितीचा कुमार म्हणाला. सभा हसली. "जबाब लिवतो. पर वर कागदच मागत्यात."

तेव्हा सारजाबाईंनी बांबूची नळी पुढे केली. आत मोडीतला कागद होता. आमच्या तमाशाच्या फडातल्या वगांच्या जुन्या वह्या मोडीत असत, म्हणून सभेत वाचायचं माझ्याकडे आलं.

भोर संस्थानाचा निकाल, सन १९२८. कायदा मात्र इंग्रज साहेबाच्या मुलखातून उतरवून घेतलेला. मनाई केलेल्या रानात म्हशी चारल्या, सबब म्हादू धनगर, वस्ती पासलीचा डोंगर, यास रानचोर ठरवून एक महिना कैद.

घरात हे कुणी बोलत नसे. सोयरीक जुळवताना तर नाहीच. सासूनं चुलीत घालायला दिलेला हा कागद सारजाबाईंनी का कोण जाणे, ठेवला होता.

मी वगात वर्षानुवर्षं गोरा साहेब केला. वाचताना जुन्या सवयीनं आवाज चढला.

"साधं वाचा की वो," सारजाबाई म्हणाल्या. "समदी वळखीची हायती हितं."

मी पुन्हा, हळू वाचलं.

कुमार खूश झाला. "आजी, काम झालं! नाव, वस्ती, साल, समदं हाय."

"मंजी गेनबामामा बोलले ते कच्चं, आन साहेबाच्या कायद्यानं चोर म्हटलं ते पक्कं?"

"आता कायदा हक्काचा हाय, आजी. आपल्याच सरकारचा."

"व्हय, आपल्याच. पर साक्षीला त्या साहेबालाच बोलावतोय."

सारजाबाईंनी कागद परत घ्यायला हात पुढे केला. मग तो मागे घेतला.

"दाव्याला लाव," त्या म्हणाल्या. "पर आदी मामांचं लिव. ह्यो त्याच्या खाली."

कुमारनं तसंच लिहिलं. पुरावा पहिला, गेनबांचा जबाब. गेनबांनी अंगठा उठवला. दुसरा, निकालाची झेरॉक्स.

सारजाबाईंनी मूळ कागद नळीत घातला आणि पायऱ्या उतरता उतरता वळल्या.

"मामा, ताकाला या. यंदा पावती देते."