सोनारीच्या देवळात वाजलेला फोन

देव आपलं ऐकतो की नाही, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता. लेक परदेशात डॉक्टरकी शिकायला गेली, तिथं लढाई पेटली आणि तिचा फोन बंद झाला, तेव्हा मात्र पडला. कलेक्टर कचेरीत आम्ही माझा नंबर देऊन आलो. "दूतावासातून फोन येईल, तेवढा उचला," असं त्यांनी बजावलं होतं.

आणि मी काय केलं? सोनारीला जाऊन काळभैरवापुढं मौन धरलं. लेकीचा आवाज कानावर पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मालकांनी कपाळावर हात मारला. "मग फोनवर कोण बोलणार? भैरोबा?" मी तोंड फिरवून बाहेर पायरीवर जाऊन बसले. ते नारळ आणायला गेले अन् नेमका फोन वाजला. उचलला, तर दूतावासातले साहेब बोलत होते.

"ताई, मुलांना आणायला आमची बस निघालीय. इथं बाँब पडतायत अन् तुमची मुलगी वसतिगृहात नाही. कुठं आहे, लवकर सांगा." मला ठाऊक होतं. शेवटच्या फोनवर ती म्हणाली होती, रेल्वे स्टेशनामागं एका शिक्षिकेच्या तळघरात थांबलेय. पण माझे ओठ उघडेनात. देवाला दिलेला शब्द मोडला तर लेकीवरच बेतेल, या भीतीनं मी फोन नुसता कानाशी घट्ट धरून बसले.

शेजारी बांगड्या विकणाऱ्या म्हातारीनं आमचा मघाचा वाद ऐकला होता, आता फोनमधलंही सगळं तिला ऐकू येत होतं. ती खेकसलीच, "अगं माय, लेक तिकडं बाँबखाली अन् तू हितं मुकी? देवाला तुजं गप बसणं लई गोड लागतंय व्हय? बोल की!"

मी बोलले. पत्ता सांगितला, रडले, भैरवाची माफी मागितली, सगळं एका दमात. संध्याकाळी कुणाच्या तरी मोबाइलवरून लेकीचा फोन आला, "आई, बसला आपला झेंडा लावलाय गं!" तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

त्या म्हातारीला देवानंच बोलायला लावलं का, यावर मी वाद घालत नाही. देवावर भार टाकायचा तर त्याला अटी घालू नयेत, एवढं मला कळलं. मुलं सीमेपार पोचल्याचं सांगायला त्या साहेबांनी पुन्हा फोन केला. आवाज अगदी कोवळा होता. मी विचारलं, "तुम्ही कधी येणार, बाबा?"

"सगळे निघाले की, ताई."

लेक आता घरी आहे, रोज माझ्याशी भांडते. त्या पोराचं नावही मला ठाऊक नाही. सोनारीला गेले की हात जोडते आणि म्हणते, देवा, आता त्याच्या आईचा फोन वाजू दे.