वहिनीचं मीठ

आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. पुढं मला वाढवलं ते थोरल्या भावाच्या बायकोनं, माझ्या वहिनीनं. बोरी गावातल्या आमच्या घरी मी शाळेतून आलो की ती भाकरीवर शेंगदाण्याची चटणी अन् तेल घालून द्यायची आणि समोर बसून दिवसभराचं सगळं विचारायची. तशा दुपारी पुन्हा वाट्याला आल्या नाहीत.

मी परभणीला कॉलेजात गेलो त्या वर्षी ती वाळत गेली. काळवंडलीही. कापूस वेचते, ऊन लागतं, असं सगळे म्हणायचे. पण तिच्या तळहाताच्या रेषा, हिरड्यासुद्धा काळ्या पडल्या होत्या. तिथं कुठलं ऊन? वेचता वेचता उठली की तोल जायचा. "भावजी, डोळ्यापुढं अंधारी यायलीय," म्हणत ती सरीतच बसून घ्यायची. आणि मीठ! ताकात चमचाभर मीठ, पेरूवर मीठ, काहीच नसलं तर नुसता खडा जिभेवर. गावातले डॉक्टर बीपी कमी म्हणून सलाईन लावायचे. दोन दिवस ती हिंडायची, मग पुन्हा अंथरूण.

एवढ्या मिठानंच रक्त काळं पडतंय, असं शेजारणींनी भावाच्या डोक्यात भरवलं. मी सुट्टीला घरी आलो तेव्हा त्यानं मला विचारलं, "तू शिकायलास. खरं हाय का?" बीपीला मीठ वाईट, एवढंच मी कुठंतरी वाचलं होतं. ते वाढलेल्या बीपीबद्दल होतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मी हो म्हणालो. मिठाची बरणी मीच कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"एक खडा तरी द्या की, भावजी," वहिनी म्हणाली. मी दिला नाही.

चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. घोटभर पाणी पोटात टिकेना. जीप करून परभणीला निघालो तेव्हा तिचं डोकं भावाच्या मांडीवर होतं आणि हातपाय गार पडले होते.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. सलाईन, इंजेक्शन झाल्यावर, वहिनीनं डोळे उघडल्यावर, त्यांनी तिचा तळहात उजेडात धरला.

"ताई, सारखं मीठ खावंसं वाटतं का?"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं.

"वाटतं," मी म्हणालो. "आम्ही बंद केलंय."

बाई रागावल्या नाहीत. कागदावर त्यांनी दोन मूत्रपिंडं काढली, प्रत्येकाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी. "यांतून हार्मोन निघतात. एक मूत्रपिंडाला सांगतं, मीठ वाहून जाऊ देऊ नको. मीठ राहिलं की पाणी राहतं, पाणी राहिलं की बीपी राहतं. दुसरं साखर आणि चरबी गरजेप्रमाणं वापरायला लावतं, आजारपणात माणसाला तारतं. यांच्या ग्रंथी थकल्यात. मेंदूतून त्यांना जोरजोरात निरोप जातोय, त्या निरोपानंच कातडी काळी पडते."

रक्ताच्या तपासण्यांत तेच निघालं. गोळ्या जन्मभर, एक दिवसही चुकवायची नाही, ताप आला तर डोस दुप्पट.

"वहिनी, माझं लय चुकलं," मी खाटेजवळ जाऊन म्हणालो.

"असू द्या. सकाळपासून काही खाल्लं का तुमी?" तिनं विचारलं. बाहेर जाऊन मी नळाखाली तोंड धुतलं.

काही महिन्यांत तिचा काळपटपणा उतरला, अंग भरलं, ब्लाऊज उसवून सैल करावे लागले. स्वतःचा पाण्याचा तांब्याही कधी न भरणारा माझा भाऊ रोज सकाळी गोळी अन् पाणी घेऊन तिच्यापुढं उभा राहू लागला. माफी मात्र त्यानं कधी मागितली नाही.

आता मी परभणीत नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला, "ताप हाय, गोळी डबल घेतलीय. बरं वाटायलंय, तुमी उगं धावत येऊ नका." तरी मी मिळेल ती बस धरली. पोचलो तर ती अंगणात उन्हाला बसून तूर पाखडत होती. मला पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"न्हाई म्हणलं होतं ना?" ती ओरडली, आणि मग जरा सरकून तिनं मला पोत्यावर जागा करून दिली.