मेहुण्याच्या हातचा चिमटा

अणुभट्टीत गोठवून ठेवलेला तांब्याच्या तारेचा नमुना चिमट्यानं बाहेर काढायचा आणि थंडच्या थंड मोजणीच्या पिंपात नेऊन सोडायचा, हे गारदादांचं काम. ऐकायला सोपं, करायला नाही. भट्टीतल्या किरणांच्या माऱ्यानं तारेत आतून जी मोडतोड होते, ती थंडीतच टिकते. जरा ऊब लागली की मोडलेलं आपोआप सांधतं आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून दादांखेरीज कुणी चिमट्याला हात लावत नसे. मग त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ तिथं कामाला लागला. शब्द टाकला दादांनी, शिकवलंही दादांनीच.

एके दिवशी साहेब म्हणाले, "दादा, आज मेहुण्याला करू द्या. जमलं तर यापुढे पाळीपाळीनं करा."

"करू दे की," दादा म्हणाले. पोटात दुखत होतं ते वेगळंच.

शिशाच्या भिंतीमागे उभे राहून ते चूक शोधू लागले. मेहुण्यानं लांब दांड्याचा चिमटा आधी गार करायला द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला. नायट्रोजन खदखदला, जोरात उसळला, मग ओसरला. इथं दादा चिमटा उचलत. मेहुणा उभाच.

"झोप लागली का रे?"

"बुडबुडे थांबू देत, भाऊजी."

"चार बुडबुड्यांनी काय आभाळ कोसळतंय?"

"चार उरलेत म्हणजे चिमटा अजून पुरता गार झाला नाही."

शेवटचा बुडबुडा विरला, तेव्हाच त्यानं तार उचलली आणि अलगद पिंपात सोडली.

थोड्या वेळानं मोजणीवाल्या बाई आल्या. "इतका चांगला नमुना पहिल्यांदाच मिळाला! एरवी थोडी मोडतोड वाटेतच सांधलेली असायची. आम्ही म्हणायचो, तेवढं चालायचंच."

तेवढं म्हणजे दादांच्या हातून आजवर राहिलेली कसर.

"भाऊजींनीच शिकवलंय," मेहुणा म्हणाला. ते तर दादांना जास्तच झोंबलं.

घरी बायकोनं विचारलं, "कसं झालं हो माझ्या भावाचं?"

"नायट्रोजनची फार नासाडी करतो."

"म्हणजे छान झालं!" ती खुशीत आत गेली.

पुढची पाळी दादांची. चिमटा बुडाला, उसळी ओसरली, सवयीनं हात वर यायला लागला. त्यांनी तो दाबून धरला आणि मेहुणा बघतोय का ते पाहिलं. तो पाठ करून उभा होता, उगाच हातमोजे झटकत. मुद्दाम पाठ केलीय, हे कळल्यावर दादांचं डोकं आणखीच तापलं. पण शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत चिमटा त्यांनी उचलला नाही.