टोमॅटोची भावकी

पद्माकरचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होतो. आयर्लंडमधल्या मेनूथ गावच्या एका बेकरीत तो मैद्याची पोती उचलतो. दुपारी सुटला की घरी न जाता गावाबाहेर, भाड्यानं मिळालेल्या त्याच्या जमिनीच्या तुकड्यावर येतो. माझा तुकडा शेजारीच. मी आयुष्य लेथवर काढलं. कोण काम करतो आणि कोण कुदळ धरून नुसता उभा राहतो, ते मला लांबून कळतं. पद्माकर काम करतो. कोपरभर खोल खणतो, ढेकळं हातानं फोडतो.

त्याला टोमॅटो हवे होते. दुकानातल्या टोमॅटोचं सार म्हणजे रंगीत पाणी, असं त्याची बायको सुलेखा चारचौघांत म्हणाली होती. तेव्हापासून त्यानं मनावर घेतलं.

एकाच जागी पुन्हा तेच पीक घेऊ नये, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून आदल्या वर्षी जिथे बटाटे होते, तिथे त्यानं टोमॅटो लावले. "ते कंद, हे फळ. झाला की बदल!" मातीत राहून गेलेले काही बटाटे टोमॅटोंच्या मधून उगवले. तेही त्यानं ठेवले. मला म्हणाला, "आपणहून आलंय, अण्णा. कशाला उपटायचं?"

जुलैत सुलेखाची भाची क्षितिजा आली. ती इथल्या विद्यापीठात वनस्पतींवर संशोधन करते. तिनं वाफा पाहून कपाळाला हात लावला.

"काका, हे बटाटे आधी उपटा. टोमॅटोचे जवळचे नातेवाईक आहेत. वांगंही त्याच कुळातलं."

"वांगं चातुर्मासात वर्ज्य आणि बटाटा उपासाला चालतो. एका घरातले कसे?"

तिनं बटाट्याचं आणि टोमॅटोचं फूल त्याच्या तळहातावर ठेवलं. पाच पाकळ्या, मधोमध पिवळी चोच. दोन्हीकडे तीच.

"नाक सारखं म्हणून नातं? माझं नाक तर अण्णांसारखं आहे."

"नुसतं नाक नाही बघत. देवमासा दिसतो माशासारखा, पण पिल्लांना दूध पाजतो. त्याचं नातं माशापेक्षा गाईशी जवळचं. पूर्वी दिसण्यावरून, बांध्यावरून गट करायचे. आता जनुकं वाचून दोघांचा जवळचा पूर्वज एक होता का, ते शोधतात."

"शोधून करायचं काय? लग्नाची पत्रिका पाठवायची?"

"रोग पत्रिकेशिवाय येतो, काका. एकाला लागला की बरेचदा त्याच्या नातेवाइकालाही लागतो. कुळ माहीत असलं की धोका कुणाला, ते आधीच कळतं."

पद्माकर हसला. चहाचा थर्मास घेऊन आलेली सुलेखा मात्र हसली नाही. तिचा चातुर्मास चालू होता.

"म्हणजे वांगं बंद, तर बटाटाही बंद. टोमॅटोसुद्धा. कार्तिकापर्यंत."

आयर्लंडमध्ये चार महिने बटाट्याशिवाय! पायावर पोतं पडल्यासारखा पद्माकरचा चेहरा झाला.

"मावशी," क्षितिजा म्हणाली, "मिरचीही त्याच कुळातली."

सुलेखानं थर्मासचं झाकण सावकाश लावलं. "शास्त्रज्ञांचे गट त्यांच्या कामाचे, माझे माझ्या. बटाटा चालेल."

त्या आनंदात पद्माकरनं वाफ्यातला एकही बटाटा उपटला नाही.

पुढच्या आठवड्यात हवा उबदार आणि दमट झाली. रेडिओवर करप्याचा इशारा आला. याच रोगानं बटाटा जाऊन इथे एकेकाळी लाखो माणसं उपाशी मेली; हा शब्द इथे कुणी हसत उच्चारत नाही. आधी त्या आपणहून आलेल्या बटाट्यांची पानं काळी पडली, मग टोमॅटोची. हिरवी फळं तपकिरी होऊन गळली.

पद्माकरनं सगळं उपटून पिशव्यांत भरलं. "इतकं खणलं, अण्णा."

"खणलंस चांगलं," मी म्हणालो. "उपटायचा आळस केलास."

संध्याकाळी सुलेखानं दुकानातल्या टोमॅटोचं सार केलं. त्यानं ते दोनदा मागून घेतलं.

मग वर्षभर बेकरीत जादा पाळ्या केल्या. यंदा बटाटे पार खालच्या टोकाला आहेत, टोमॅटो वरच्या टोकाला, ताज्या मातीत, आणि त्यांच्याभोवती छोटं काचघर. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगतो, "भावकी आहे. मधे भिंत असलेली बरी."

जादा पोती उचलून मिळालेले पैसे त्या काचेच्या भिंतीत गेले.