डंजनेसचं हळदीकुंकू

डंजनेसला इंग्लंडचं वाळवंट म्हणतात. वाळू नावालाच, बाकी नुसते गोटे. दोन पावलं टाकली की एक मागे घसरतं, आणि वारा थोबाडीत मारल्यासारखा येतो. तरी वसंतात त्या गोट्यांतून फुलं वर येतात, पांढरी सी-कॅम्पियन आणि जमिनीला चिकटून पसरलेला पिवळाधमक ब्रूम. ती फुलं दाखवते म्हणून मी आईला घराबाहेर काढलं होतं. बाबा गेल्यापासून ती स्लाऊचं घर सोडून कुठे गेलीच नव्हती. आता माणसांत आली नाही तर ती कायमची मिटून जाईल, ही भीती मला पोखरत होती.

आमचा मराठी बायकांचा वॉकिंग ग्रुप आहे. चालणं कमी, डबे जास्त. त्या दिवशी चैत्रगौरीचं हळदीकुंकूही तिथेच उरकायचं ठरलं होतं, कारण हौस दोन आणि वीकएंड एक. आईने पहाटे उठून कैरीची डाळ केली. वाटेत ती वाकून वाकून फुलं बघत होती. बाबांनी यातलं एखादं रोप नक्की कुंडीत लावलं असतं म्हणाली, आणि चक्क हसली. मला वाटलं, जमलं.

जुन्या लाइटहाऊसच्या आडोशाला चादर पसरली. डाळीवर सगळ्या तुटून पडल्या. मग ग्रुप चालवणारी बाई करंडा घेऊन उठली. ही ऑफिसात लोकांना समानतेचं ट्रेनिंग देते. एकेकीला हळदीकुंकू लावत ती आईपर्यंत आली. आईने सवयीने मान पुढे केली.

"काकू, तुम्ही आमचा फोटो काढता का? लाइट मस्त आहे आत्ता," असं म्हणून तिने फोन आईच्या हातात दिला आणि पुढच्या बाईकडे वळली.

सगळ्यांच्या तोंडात आईचीच डाळ होती. आई उठली, तोल सावरत मागे गेली आणि सगळ्या मावेनात म्हणून आणखी मागे गेली. जरा जवळ या, म्हणाली.

माझं डोकं फिरलं. करंडा हिसकावून मी आईपाशी गेले आणि कुंकवाचं बोट वर केलं. तिने माझं मनगट दुखेल इतकं घट्ट धरलं.

"तमाशा नको. तुझ्या आत्याचे यजमान गेल्यावर तिला मी काय करायचे? हळदीकुंकवाला बायका जमल्या की म्हणायचे, वन्सं, जरा चहाचं बघा. दर वर्षी. ती निमूट आत जायची. मला वाटायचं, तिला काही वाटत नाही."

फोटो छान आलेत असं सगळ्यांनी तिला सांगितलं. परतताना गाडीत ती म्हणाली की आता मला कुठे नेऊ नकोस. मी समजूत घातली नाही. खोटं कशाला सांगू, आत्याचं ऐकल्यावर त्या बायकांपेक्षा मला तिचाच जास्त राग आला होता. तेव्हापासून ती घरातच आहे, आणि मीही फारसं चल म्हणत नाही.